आजार एकाचा, उपचार घराचा

मिरज हे रुग्णालयांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले. तेव्हापासून सांगली-साताऱ्याचेच नव्हे, तर कर्नाटकातील रुग्णही मिरजेची वाट धरीत आले आहेत. रुग्ण एकटा क्वचितच येतो. पत्नी, आई, भाऊ, सून यांपैकी कोणी तरी सोबत असते. डबा पोचविणे, औषधे आणणे आणि रात्री व्हरांड्यात पथारी टाकणे, एवढेच काम आपण या सोबत्यांकडे सोपविले आहे. उपचारांत मात्र त्यांना स्थान नाही.

हाड मोडले किंवा विषमज्वर झाला, तर हे चालून जाते. मधुमेह, पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार, स्किझोफ्रेनिया यांची गोष्ट निराळी. हे आजार वर्षानुवर्षे घरात मुक्काम ठोकतात. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला सोबत्याचा रोज बुडतो. शुश्रूषेचा भार बहुधा एकाच स्त्रीवर पडतो. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून मानसिक आजार लपविला जातो आणि लपविण्यापायी औषधही सुटते. मग अबोला व दोषारोप सुरू होतात आणि त्यांची झळ पुन्हा रुग्णालाच लागते. घरात सतत टीका होत असेल, तर स्किझोफ्रेनिया अधिक वेळा उलटतो, हे लंडनमधील संशोधकांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले आहे.

यावर उपाय कुटुंबोपचाराचा. समुपदेशकाने रुग्णाला व घरच्यांना एकत्र बसवावयाचे. आजाराचे स्वरूप समजावून द्यावयाचे, कामे व खर्च वाटून घेण्यास मदत करावयाची आणि मनात साचलेले बोलते करावयाचे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारातील तंबूंत ठेवून उपचारांत सहभागी करून घेतले होते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’च्या द्वारे व्यसनमुक्तीचे काम उभे केले. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घराशीही बोलावे लागते, हे त्या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना केव्हाच उमगले आहे. मग मधुमेह वा पक्षाघात यांनाच हा न्याय का नसावा?

घरात वडीलधारे असताना तिऱ्हाइताची गरज काय, असे कोणी विचारील. परंतु थकलेल्या सुनेला सासऱ्यांसमोर ‘मला झेपत नाही’ असे म्हणता येत नाही, आणि वडीलधारे अनेकदा त्या ताणातील एक पक्षच असतात. तिऱ्हाइतासमोर ती कोंडी फुटू शकते.

खर्चाची सबबही टिकणारी नाही. एचआयव्हीच्या साथीत शासनाने सरकारी रुग्णालयांत समुपदेशक नेमलेच होते. सातारा, सांगली व मिरज येथील शासकीय रुग्णालयांनी दीर्घ आजारांसाठी आठवड्यातील एक दुपार कुटुंबांना द्यावी. व्हरांड्यातील त्या सोबत्याला खोलीत बोलावून खुर्ची देण्यापासून आरंभ करता येईल.