औषध मेंदूपर्यंत, पण वस्तीपर्यंत?

नैराश्यावरील औषध अतिसूक्ष्म नॅनोकणांत भरून मेंदूत पोहोचविण्याचे प्रयोग चालू आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडदा अनेक औषधे अडवतो; तो ओलांडण्याचा हा मार्ग. प्रयोग अजून बहुतांशी प्राण्यांवरच आहेत. आम्ही विज्ञानाचे स्वागतच करतो.

आमचा प्रश्न मालकीचा आहे. जुन्या, स्वस्त औषधाचा कण बारीक केला म्हणून कंपनीला नवे पेटंट द्यायचे काय? पेटंट कायद्याचे २००५ साली दुरुस्त झालेले कलम ३(ड) कणांच्या आकाराचा स्पष्ट उल्लेख करते आणि परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचे सिद्ध करा, असे बजावते. ही परिणामकारकता म्हणजे रोग्याला होणारा उपचाराचा गुण, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली नोव्हार्टिस खटल्यात ठरविले. हे कलम पातळ करण्याचा कोणताही प्रयत्न चळवळीने हाणून पाडला पाहिजे.

जातीचा अपमान कोणत्याही कणाने बरा होणार नाही. पण त्याने खचलेल्या आमच्या गरीब लेकरांना मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम १८ सरकारी दवाखान्यात मोफत उपचार देते. बांधवांनो, तालुक्याला जाऊन ते मागा. ती भीक नाही, हक्क आहे.