आठ दिवसांचं लंडन आणि धरणगावचा साहेब



धुळ्याच्या एका प्राध्यापकांची ईमेल आली आहे. पुढच्या वसंतात इतिहास आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींचा एक गट घेऊन ते आठ दिवसांसाठी लंडनला यायचं म्हणताहेत. निम्मी मुलं धुळ्याकडची, निम्मी जळगावकडची. लंडनमधल्या आपल्या मंडळाकडे त्यांनी तीन गोष्टी मागितल्या आहेत: एक दिवस घरचं जेवण, थंडीचे जादा कोट कुणाकडे असतील तर उसने, आणि लंडनमध्ये काय पाहावं याची यादी. जेवण आणि कोट यांवर कार्यकारिणीत पाच मिनिटांत एकमत झालं. यादीवरून मात्र जुंपली, आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. म्हणून या अंकाचं संपादकीय त्यावरच.

प्राध्यापकांनी सोबत एका एजंटची कार्यक्रमपत्रिका जोडली होती. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस (बाहेरून), मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, लंडन आय, एक दिवस ऑक्सफर्ड, एका विद्यापीठात दोन तासांचं व्याख्यान, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो. याला अभ्यास दौरा म्हणतात. सहलीला माझी ना नाही. चोपड्याच्या किंवा साक्रीच्या मुलीनं थेम्सवर उभं राहून फोटो काढला तर त्यात कुणाचं काय बिघडतं? पण कापूस किंवा केळी विकून बापानं पैसे भरायचे, व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुलीनं मुंबई गाठायची, आणि एवढं करून इथे येऊन मेणाचा अमिताभ बघायचा, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा दौरा खानदेशातच सुरू व्हावा. विमानात बसण्याआधी मुलांनी आपल्याच दोन जिल्ह्यांत आणि आसपास चार ठिकाणी जाऊन यावं. त्या ठिकाणांचा उरलेला अर्धा भाग लंडनमध्ये आहे. तो आपण दाखवू.

धरणगावपासून सुरुवात करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट; धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं ते त्यानं. पण सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल नव्या सरकारला जुमानत नव्हते. फौजा पाठवून झाल्या, माणसं फासावर देऊन झाली, डोंगरातल्या तापानं इंग्रजांचेच शिपाई मेले. अखेर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात धोरण बदललं आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटनं भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. खानदेश भिल्ल कोअर ती हीच, आणि तिचं ठाणं होतं धरणगाव. आउट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात उठला-बसला आणि दहा वर्षं खानदेशात राहिला. पुढे तो सिंध, इराण, लखनौ असं करत जनरल झाला, सर झाला, आणि १८६३ मध्ये वारला.

एम्बँकमेंट स्टेशनातून बाहेर पडून नदीच्या काठानं थोडं चाललं की व्हाइटहॉल गार्डन्समध्ये त्याचा पुतळा आहे. मॅथ्यू नोबलनं केलेला, १८७१ चा. आपल्यातले किती जण रोज दुपारी तिथल्या बाकावर डबा खातात! शेजारीच मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर उभा आहे. एखाद्या पोरानं आउट्रमकडे बघून “हाऊ तं आपला धरणगावना सायब शे!” म्हटलं की त्या दौऱ्याचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

पण तेवढ्यावर थांबायचं नाही. आउट्रमला पुरलं आहे वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये. तिथल्या स्मारकावर त्याच्या अर्धपुतळ्याच्या दोन बाजूंना शोक करणारी दोन माणसं कोरली आहेत. एक बलुची, एक भिल्ल. म्हणजे इंग्लंडचे राजे जिथे राज्याभिषेक करून घेतात त्या देवळात एक संगमरवरी भिल्ल साहेबासाठी अश्रू ढाळत बसलेला आहे. ॲबेला तिकीट आहे, आणि ते स्वस्त नाही. मंडळानं ते भरावं असं मी सुचवलं आहे.

तो संगमरवरी भिल्ल बघताना मुलांना दुसरी गोष्टही माहीत हवी. आउट्रम लखनौला लढत होता त्याच काळात इकडे सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक उठला होता. हा खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत, घाटाची राखण करणारा. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. भिल्ल हरले, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथल्या तिथे गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचं स्मारक ॲबेत नाही हे ओघानंच आलं. या मुलांत कुणी शिरपूरकडचं, पावरा किंवा भिल्ल घरातलं असेल, तर त्या अर्धपुतळ्यासमोर तिला किंवा त्याला जे सुचेल ते मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा ऐकायला आवडेल. समितीतल्या एका ज्येष्ठांना काळजी वाटते की मुलं चिडतील. चिडू देत की! नीट माहिती असून चिडणं हा अभ्यासाचाच भाग आहे.

आता अजिंठा. जिल्ह्याच्या नकाशात तो खानदेशात येत नाही, पूर्वी निजामाच्या मुलखात होता, हे मला कुणी पत्रानं कळवू नये; ठाऊक आहे. पण जळगाव स्टेशनात उतरून साठ किलोमीटरवर फर्दापूर गाठायचं, हीच लेण्यांची वाट. जळगावच्या पोरांची शाळेची सहल तिथे जाते आणि पोरं दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या गोऱ्या शिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ला कोरलेलं नाव शोधत बसतात. त्याच लेण्यांचा एक मोठा ठेवा लंडनमध्ये आहे, आणि तो इथे कसा आला ही गोष्ट सलग सांगण्यासारखी आहे.

जेम्स फर्ग्युसननं १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला, आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी कुणीतरी उतरवून घ्या असा आग्रह धरला. कंपनी सरकारनं १८४४ मध्ये मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला त्या कामावर नेमलं. अजिंठ्याच्या बारादरीत राहून गिल वर्षानुवर्षं मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात प्रती करत राहिला. गिल आणि त्याची सोबतीण पारो यांची कथा ना. धों. महानोरांमुळे मराठीत घरोघरी पोचली आहे. पारोची कबर अजिंठा गावात आहे, तिच्यावर १८५६ साल आहे. पण गिलच्या कामाचं काय झालं हे फार जणांना माहीत नसतं. त्या प्रती लंडनला आल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि डिसेंबर १८६६ मधल्या आगीत जळून गेल्या. तिथे न लावलेल्या मोजक्या तेवढ्या वाचल्या. गिल पुन्हा अजिंठ्याला परतला, कॅमेरा घेऊन, ब्रश घेऊन. १८७९ मध्ये तो वारला आणि त्याला भुसावळला पुरलं. भुसावळ जंक्शनवर गाडी बदलताना आपण सगळ्यांनी आयुष्यातले कितीतरी तास घालवले. त्या कबरीकडे कोण गेलं होतं?

नंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स पुढे आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत, मोसम बघून, ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. हे विद्यार्थी हिंदुस्थानी होते. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलं पुढे गाजलेलं नाव. अंधाऱ्या लेण्यात, वटवाघळांच्या वासात, मचाणावर बसून रोज काही इंच चित्र उतरवायचं. विद्यार्थ्यांचा अभ्यास दौरा म्हणतात तो हा! त्या प्रतीही लंडनला आल्या, साउथ केन्सिंग्टनला ठेवल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागली. अनेक गेल्या. दीडशेच्या वर उरल्या. त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहेत.

या प्रतींचं मोल काय, मूळ चित्रं तर आपल्याकडेच आहेत, असं समितीत विचारलं गेलं. चित्रं आहेत, पण १८७० च्या दशकात जी होती ती सगळी आज नाहीत. रंगाचे पापुद्रे गळले, चित्रं उठावदार दिसावीत म्हणून नकलाकारांनीच भिंतीवर व्हार्निश फासलं, आणि १९२० नंतर निजामानं बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी जतनासाठी लावलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडत गेला. भिंतीवरून नाहीसे झालेले काही तपशील आता फक्त या कॅनव्हासवर उरले आहेत. म्हणून मुलांनी आधी पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तासभर बसून स्वतः रेखाटन करावं, वही घेऊन इकडे यावं, आणि जे.जे.च्या पोरांनी केलेली प्रत समोर ठेवून काय गेलं, काय बदललं, नकलाकारानं पदरचं काय घातलं ते शोधावं. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला आठ दिवस त्या एका कामालासुद्धा कमी पडतील.

एक अडचण आहे. या प्रती भिंतीवर टांगलेल्या नाहीत. बहुतेक कोठारात असतात. आकारानंही मोठ्या. आयत्या वेळी जाऊन “दाखवा” म्हणून चालत नाही. मात्र म्युझियमनं २०२५ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कमध्ये आपलं नवं कोठार सर्वांसाठी खुलं केलं आहे, आणि आधी नोंदवून एखादी वस्तू बाहेर काढून बघण्याची सोयही केली आहे. कुठल्या प्रती कुठे आहेत आणि गटाला कोणत्या दाखवता येतील याचं पत्र आत्ताच जायला हवं. आपल्या सभासदांत संग्रहालयांत काम करणारी माणसं आहेत. त्यांनी गप्प बसू नये.

धुळ्याच्या मुलांसाठी ब्रिटिश लायब्ररीचा एक दिवस ठेवला आहे. जुन्या इंडिया ऑफिसचं दप्तर तिथे आहे. पण त्याआधी त्यांनी आपल्याच गावातल्या राजवाडे संशोधन मंडळात जावं अशी माझी अट आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणाऱ्या या माणसानं गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवर चढून कागद गोळा केले. त्या कागदांसाठी आणि त्यांच्या कामासाठी मंडळ उभं राहिलं. सेंट पँक्रसला, म्हणजे ब्रिटिश लायब्ररीत, आलेल्या पोराला विलायती कागद दिसले की हरखून जायला होतं. मोडीचं एक पान वाचता येत नसेल तर ते हरखणं फोटोपुरतंच. सहा महिने हाताशी आहेत. धुळ्यात मोडी शिकवणारं कुणी ना कुणी मिळेल, नाही मिळालं तर आपल्या रविवारच्या शाळेतल्या बाई ऑनलाइन शिकवायला तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

चॉक फार्मचं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर यादीत आहे हे सांगायला नकोच. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेऊन स्मारक केलं. धुळ्याच्या मुलांना त्याचं दुसरं टोक पाठ असतं: १९३७ च्या जुलैअखेर बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. अजून दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. आपल्या बॅरिस्टरांना कज्जा लढवायला धुळ्याच्या कोर्टाची पायरी चढावी लागली होती, हे इथे लंडनमध्ये वाढलेल्या आपल्या मुलांनाही त्या मुलांकडून ऐकू दे.

आठ दिवसांत काय होणार, असंही एक सभासद म्हणाले. खरं आहे, फार काही होत नाही. चाळीसगावचे केकी मूस १९३० च्या दशकात इंग्लंडला येऊन कला आणि फोटोग्राफी शिकले, काही वर्षं राहिले, आणि परत जाऊन स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जे शिरले ते १९८९ मध्ये मरेपर्यंत जवळजवळ बाहेरच पडले नाहीत. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाश पाडून, अख्खे देखावे वाटावेत असे फोटो त्यांनी त्या चार भिंतींत काढले. त्यांना जे परदेशात मिळालं ते पन्नास वर्षं पुरलं. आठ दिवसांची शिदोरी एवढी पुरणार नाही, पण काय भरून न्यायचं ते घरून ठरवून आलं तर एखाद्या वर्षाचं काम निघेल. एकाच मुलीनं परत जाऊन भुसावळच्या कबरीवर किंवा धरणगावच्या पलटणीवर वीस पानं लिहिली तरी मला पुरे. ती वीस पानं या वार्तापत्रात क्रमशः छापायचं मी आजच कबूल करून टाकतो.

मंडळाकडून काय हवं ते आता स्पष्ट लिहितो. शाल-श्रीफळ, स्वागतगीत आणि पाऊण तासाची भाषणं नकोत. पाच दिवस, दिवसाला दोन, असे दहा सभासद हवेत, जे कामावरून रजा काढून मुलांबरोबर चालतील, अंडरग्राउंडमध्ये त्यांना हरवू देणार नाहीत, आणि माहिती नसलेल्या ठिकाणी माहिती असल्याचा आव आणणार नाहीत. जेवणाला भरीत करायचं ठरलंय. इथल्या जांभळ्या वांग्याला बामणोदच्या वांग्याची चव येत नाही, यावर खानदेशी सभासदांनी कृपया मुलांसमोर वाद घालू नये. भाकरी थापता येणाऱ्यांनी नावं आधी द्यावीत, त्यांची टंचाई आहे. कोट मार्चअखेरपर्यंत सचिवांच्या घरी पोचवावेत, धुतलेले.

लंडन आयवरून जो वाद झाला त्यात मी माघार घेतली आहे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मुलांना तिथे नेऊ. तिकिटाचे पैसे ज्यांनी आग्रह धरला त्यांनी द्यायचे ठरले आहेत.

— संपादक