इम्प्लांट कोणतं ते नंतर ठरवा, आधी स्टिकर मागा

विषय अवघड आहे. वाचणाऱ्यांत वडीलधारी मंडळी आहेत हे माहीत आहे, तरी लिहिते. मिरचीचे भाव, गोसीखुर्दचं पाणी, रस्त्याचे खड्डे यावर आपण रोज बोलतो. बायकांच्या छातीच्या सर्जरीवर कोणी बोलत नाही. आणि कोणी बोलत नाही म्हणूनच त्यात फसवायला जागा सापडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या भिवापूर-उमरेड पट्ट्यात असलं काही कोणी करत नाही असं ज्यांना वाटते, त्यांना वाटू द्या. मलाच विचारणाऱ्या दोघी-तिघी आहेत. पत्रकार आहे म्हणून विचारतात, जशी काही मी डॉक्टरच. नाव, गाव, वय काही सांगणार नाही. त्यातल्या एकीनं नागपूरच्या एका क्लिनिकच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, यातलं कोणतं घेऊ?"

पत्रकावर तीन रांगा होत्या. साधं, चांगलं, प्रीमियम. गोल की थेंबाच्या आकाराचं. गुळगुळीत की खरखरीत. पुढं किंमत. मोबाईलचं मॉडेल निवडावं तसं. कंपनीचं नाव मात्र कुठंच नव्हतं. मोबाईलवर निदान तेवढं तरी असते!

माझ्याकडं पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, डॉक्टरकीचा नाही. त्यामुळं कोणतं घे हे मी सांगणार नाही. पण छापलेल्या कागदात काय लिहिलं आणि काय गाळलं, हे बघण्यातच माझी वीस वर्षं गेली. म्हणून त्या पत्रकात काय गाळलं होतं ते लिहिते.

आतला माल दोन प्रकारचा असतो. बाहेरची पिशवी दोन्हीत सिलिकॉनचीच. एकीत खारं पाणी भरलेलं, आपण सलाईन म्हणतो ते. दुसरीत सिलिकॉनचं जेल. खाऱ्या पाण्याची पिशवी फुटली तर लवकरच कळते, एक बाजू बसते, पाणी अंगात जिरून जाते. पण हाताला ती तेवढी नैसर्गिक लागत नाही, कडेला सुरकुत्या जाणवू शकतात. जेलची मऊ लागते. फक्त ती फुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ते बघायला सोनोग्राफी नाहीतर एमआरआय करावा लागतो. अमेरिकेच्या एफडीएनं (आपल्या राज्याचंही एफडीए आहे, हे ते नव्हे) २०२० मध्ये सांगितलं की जेलवालीनं पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी करत राहावी. आता हा खर्च त्या तीन रांगांत कुठं होता? नव्हताच. नागपूरला जाणं-येणं, एमआरआयचे पैसे, एका दिवसाची मजुरी किंवा रजा, हे सगळं जन्मभराचं आहे.

जन्मभराचं म्हटलं खरं, पण इम्प्लांट स्वतः जन्मभराचं नसते. हेही कोणी ठळक अक्षरात छापत नाही. शोभेसाठी ही सर्जरी केलेल्या पाचांतल्या एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागते, असं याच अमेरिकी संस्थेनं २०११ मध्ये सांगितलं होतं. कधी फुटते, कधी भोवती कडक आवरण धरून छाती आखडते आणि दुखते, कधी आकारच बिघडतो. म्हणजे पंचविसाव्या वर्षी सर्जरी केली तर दुसरी, कदाचित तिसरीही, हिशेबात धरायला पाहिजे. अमेरिकेत नुसत्या शोभेसाठी जेलचं इम्प्लांट बावीस वर्षांखालच्या मुलींसाठी मंजूर नाही, खाऱ्या पाण्याचं अठरापासून आहे. आपल्याकडं बारावी झालेल्या पोरी रील बघून विचारून राहिल्या.

आता आकाराचं. ही गोष्ट मला स्वतःला वाचताना नवीन होती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. गोल इम्प्लांट आत फिरलं तरी गोलच राहते, बिघडत काही नाही. थेंबाच्या आकाराचं फिरलं तर छाती वाकडी दिसते. ते फिरू नये, मांसानं त्याला धरून ठेवावं, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत करतात. म्हणजे बाई समजते आपण आकार निवडला, पण त्या आकारासोबत खरखरीत पृष्ठभागही आला. आणि सगळी भानगड त्या खरखरीतपणात आहे.

खरखरीत इम्प्लांटच्या भोवती एक दुर्मीळ कॅन्सर होऊ शकतो. तो स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नाही, लिम्फोमा आहे, रोगप्रतिकारक पेशींचा. सर्जरी होऊन बरीच वर्षं गेल्यावर अचानक एका बाजूला सूज येते, पाणी साचते. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि भोवतीचं आवरण काढून बहुतेकदा बरा होतो. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीनं तिचे 'बायोसेल' नावाचे खरखरीत इम्प्लांट जगभरातून मागे घेतले, तेव्हा जगात अशा ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद होती. त्या ५७३ पैकी ४८१ जणींना याच कंपनीचं इम्प्लांट होतं. फ्रान्सनं त्याच वर्षी एप्रिलमध्ये जास्त खरखरीत प्रकारांवर बंदी घातली होती. घाबरवायला लिहीत नाही. लाखो बायकांमधले हे आकडे आहेत, आणि त्रास नसेल तर उगाच काढून टाकू नका असंही तेव्हाच सांगितलं गेलं. पण पत्रकात 'नैसर्गिक थेंबाकार, प्रीमियम' एवढंच छापायचं आणि हे सांगायचं नाही, याला काय म्हणायचं?

मग गुळगुळीत आणि गोल घेतलं की झालं? नाही. माल कोणाचा, हा प्रश्न उरतोच. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचं प्रकरण २०१० मध्ये उघड झालं. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्तातलं कारखान्यात वापरायचं सिलिकॉन भरून ही कंपनी वर्षानुवर्षं इम्प्लांट विकत होती. युरोपचं सीई प्रमाणपत्र होतं बरं का. जगात तीन लाखांच्या आसपास बायकांच्या अंगात ते गेलं. मालक ज्याँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. फ्रान्ससारख्या देशात प्रमाणपत्र असून हे होते, तर कंपनीचं नावच नसलेल्या पत्रकावर आपण काय म्हणून भरवसा ठेवायचा.

आपल्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची मिरची आमच्या नावावर खपवू नका म्हणून आपण भांडतो. पोत्यातल्या मालाचं गाव कोणतं ते विचारणारी माणसं आपण, आणि अंगात शिवून घ्यायच्या वस्तूचं गाव विचारायला लाजतो.

इम्प्लांटच्या खोक्यासोबत स्टिकर येतात. कंपनी, मॉडेल, माप, लॉट नाहीतर सिरीयल नंबर. एक हॉस्पिटलच्या फाईलमध्ये लागतो, एक बाईला मिळायला पाहिजे. हा कागद का लागतो ते सांगते. त्यासाठी छातीवरून थोडं कमरेकडं यावं लागेल.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा खुबा होता. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या एफडीएनं हा विषय लावून धरला, पुढं केंद्रानं डॉ. अरुण अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये अहवाल आला, तेव्हा यातल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. पुढं भरपाईचं सूत्र ठरलं, ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत. पण भरपाई द्यायची तर माणूस सापडायला पाहिजे ना.

खुबा बदलला हे लपवायची गोष्ट नाही. लोक भेटायला येतात, नारळपाणी आणतात, सगळ्या गावाला माहीत असते. तरी माणसं सापडली नाहीत. मग जी बाई नवऱ्याला कळू नये, सासूला कळू नये, म्हणून मैत्रिणीच्या लग्नाचं नाव सांगून नागपूरला जाते, रोख पैसे देते, बिल नको म्हणते, फोन नंबर मैत्रिणीचा लिहिते, ती कशी सापडणार? उद्या तिचा लॉट मागे बोलावला तर तिला सांगणार कोण? ती लाजेनं फाईलसुद्धा फाडून टाकते. एकीनं खरंच फाडली, मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कोणती कंपनी होती विचारलं तर म्हणे, "फॉरेनची होती."

ही लाज तिच्या घरात पैदा झाली नाही. ती आपण दिली. टक्कल पडलेला माणूस नागपूरहून केस लावून येतो, तर पानठेल्यावर सत्कार होते, "मस्त दिसून राहिले भाऊ" म्हणतात. तिथं कोणाला संस्कृती आठवत नाही. बाईनं काही केलं की चारित्र्य! मला स्वतःला विचाराल तर, कोणा पोरीनं दुसऱ्याच्या टोमण्यापायी अंगावर सुरी चालवून घ्यावी असं मला वाटत नाही, आणि विचारणारीला मी हे तोंडावर सांगते. पण अंग तिचं आहे. निर्णय तिचा आहे. तिला टोचून बोलून सर्जरी थांबत नाही, फक्त पावती थांबते.

२०१८ मध्ये तमिळनाडू सरकारनं चेन्नईच्या स्टॅन्ले सरकारी हॉस्पिटलमध्ये ही सर्जरी मोफत सुरू केली, तेव्हा देशभर टीका झाली. डेंग्यू-टीबी सोडून हे काय, म्हणून. टीकेत दम आहे, पैसे मोजके असतात. पण सरकारी दवाखान्यात निदान केस पेपर निघतो, हे मला त्यात दिसलं.

आणि सगळ्याच शोभेसाठी जात नाहीत. कॅन्सरमुळं स्तन काढलेल्या बाया आपल्या तालुक्यातही आहेत. त्यांनी एक लक्षात ठेवा. आरोग्य विम्यात कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, पण कॅन्सर, अपघात किंवा भाजल्यानंतरची पुनर्रचना त्या वगळण्यात येत नाही. एजंट नाही म्हणाला तर पॉलिसीतलं ते कलम त्याच्यासमोर ठेवा. जीएसटीचंही तसंच. शोभेच्या सर्जरीवर लागतो, जन्मजात दोष किंवा इजेनंतर अवयव पूर्ववत करण्यावर लागत नाही. आणि इम्प्लांट घेतलंच पाहिजे असंही नाही. ब्रामध्ये ठेवायचे कृत्रिम स्तन मिळतात, सुती धाग्यानं विणलेले हलकेही असतात.

एक मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. पार्लरमध्ये किंवा कोण्या 'एक्सपर्ट'कडून इंजेक्शननं पातळ सिलिकॉन भरून घेणं. ते अंगात पसरते, नंतर पूर्ण काढताही येत नाही. सर्जरी करणारा एम.सीएच. किंवा डीएनबी झालेला प्लास्टिक सर्जन आहे का, एवढं आधी बघा. भूल कोण देणार तेही विचारा.

कायदा नाही असं नाही. वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणं औषधाच्या व्याख्येत आली. पण पीआयपीनंतर ब्रिटननं २०१६ मध्ये स्तनांच्या इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही उघडली. ऑस्ट्रेलियात आहे, नेदरलँड्समध्ये आहे. कोणत्या बाईला कोणता नंबर बसवला ते तिथं लिहिलं जाते, नाव बाहेर फुटत नाही. आपल्या राज्यात ही नोंद प्रत्येक हॉस्पिटलला सक्तीची करा, अशी माझी मागणी आहे. आमदार-खासदारांनी मिरचीवर बोलावंच, कधी यावरही एक प्रश्न विचारावा.

ज्या जाणार आहेत त्यांनी टेबलावर जायच्या आधी कंपनी आणि मॉडेल लेखी मागा, पक्कं बिल घ्या, स्टिकरचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा, आणि फोन नंबर स्वतःचाच द्या. ज्यांची सर्जरी आधीच झाली त्यांनी फाईल काढून बघा. स्टिकर नसेल तर हॉस्पिटलला लेखी अर्ज करा, रेकॉर्डची प्रत मागणं तुमचा हक्क आहे. मॅमोग्राफी करताना इम्प्लांट आहे हे आधी सांगा. एका बाजूला सूज, गाठ, आकारात फरक असं काही दिसलं तर सर्जनकडं जा, महिनाभर वाट बघत बसू नका. इम्प्लांटमुळं त्रास झाल्याची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडं होते, नंबर १८००-१८०-३०२४, टोल फ्री आहे. आणि मला काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये विचारा.