सोपा हिमालय

मराठीतल्या विशेषणांवर सरकारने कधी कर बसवायचा म्हटलाच, तर पहिला नंबर 'सोपा' या शब्दाचा लागावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सोपे गणित, सोपे हप्ते आणि आता सोपा हिमालय!

आमचं नेकनूर बालाघाटाच्या पठारावरचं. उंचीचं कौतुक इथं बेताचंच. मांजरसुंब्याच्या घाटात एस.टी.च्या ड्रायव्हरने गिअर बदलला की आम्ही समजतो, डोंगर आला. अशा गावातून माझा पुतण्या येत्या डिसेंबरात केदारकंठ्याला निघालाय. 'नवख्यांसाठी सोपा ट्रेक' अशी जाहिरात आहे. निवड कशी केली? तर फोटो बघून! बर्फात तंबू, तंबूवर चांदणं. अहो, स्थळ बघतानासुद्धा माणूस फोटोपलीकडचे चार प्रश्न विचारतो.

"उंची किती रे?"

"साडेबारा हजार फूट. पण सोपं असतंय, काका. मी कळसूबाई केलीय की!"

कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. केदारकंठ्याची वाट जिथून सुरू होते ते सांकरी गावच त्याहून उंच! म्हणजे जिथं आपली फुशारकी संपते, त्याच्याही वर तिथल्या लोकांच्या चुली पेटतात. साधारण अडीच हजार मीटरनंतर हवा विरळ असल्याचं अंगाला कळू लागतं. प्राणवायूचं प्रमाण तेच, शंभरात एकवीस. पण दाब उतरल्याने श्वासागणिक हाती येतो तो कमी. याचा सराव करायला उभ्या महाराष्ट्रात एक खडक नाही. तालमीतल्या पैलवानालाही यात सवलत नाही. 'सोपा' आहे ती वाट, हवा नव्हे. पण हे जाहिरातीत कोण छापणार?

तयारी म्हणजे खरेदी, हा दुसरा गैरसमज. जाकीट आलं, हातमोजे आले, बूट आले. बूट खोक्यात, कारण मळतील! अरे, ते आत्ताच घाल. फोड यायचे ते इथं येऊ देत, मलम गावात मिळतं. पाठीवर पाच किलो ज्वारी घे आणि रोज चाल. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला माणसं कुठून कुठून पायी येतात, त्यांच्या जाकिटाची कुणी चौकशी करत नाही.

आणि ट्रेकवाल्याला भाव नंतर विचार, मुक्काम आधी विचार. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा दिवसाला पाचशे मीटरहून जास्त चढवू नये, असा दंडक आहे. रजा चारच दिवस म्हणून हिमालय चार दिवसांत बसवायचा, हा हिशेब कचेरीचा झाला. फुप्फुसाला तो कोण समजावणार?

मला खरा राग आहे तो लपवण्याचा. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही; तरी पोरं गप्प. पैसे भरलेत, फोटो राहिलाय, चारचौघांत नाक कापलं जाईल! गोळी गिळून वर चढतात. अशा वेळी थांबायचं असतं; आणि तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचं असतं. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आली की माणूस दगावतो. 'सोपा' लिहिणारा त्या वेळी देहरादूनला चहा पीत असतो.

"पण काका, टोक राहिलं तर?"

"राहू दे. ते काय आपल्या बाजारातला बैल आहे, दुसरा कुणी सोडून नेईल म्हणायला?"