मामा तलाव आणि सॉफ्टवेअर : बांधकाम संपते कधी?

१/ सॉफ्टवेअर घडवणे म्हणजे इमारत बांधणे, ही उपमा जुनी आहे. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ या नावाची परिषद भरली. प्रस्थापित अभियांत्रिकीची शिस्त सॉफ्टवेअरलाही लागावी, हा त्यामागचा हेतू.

२/ उपमा चुकीची नाही. पण तिच्यासाठी इमारतीऐवजी गोंदिया जिल्ह्यातील मामा तलाव पाहावेत. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी.

३/ हे तलाव मुख्यतः कोहळी समाजाच्या कौशल्याची देणगी. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. अशाच तलावांवर इथली धानशेती उभी राहिली.

४/ मात्र पाळ बांधली म्हणजे तलाव पूर्ण झाला, असे नसते. दर पावसाळ्यात गाळ येतो, पाळ खचते, सांडवा झिजतो. गाळ उपसणे आणि पाळीवर माती चढवणे हाही तलावबांधणीचाच भाग.

५/ सॉफ्टवेअर झिजत नाही. भोवतालचे जग बदलते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि कालपर्यंत बिनचूक चालणारी हिशेबाची सॉफ्टवेअर एका रात्रीत अपुरी ठरली. वापरातले सॉफ्टवेअर सतत बदलावे लागते, अन्यथा त्याची उपयुक्तता घटते, हा नियम मॅनी लेहमन यांनी १९७४ सालीच मांडला होता.

६/ आता तलावांचे पुढचे प्रकरण. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ते न्याय्यच होते. तलाव शासनाकडे आले. परंतु कागदावर मालकी बदलते तशी पाळीची राखण आपोआप हस्तांतरित होत नाही. अनेक तलाव गाळाने भरत गेले.

७/ आज सरकारी कार्यालये सॉफ्टवेअर इमारतीसारखेच घेतात : निविदा, उद्घाटन, अंतिम देयक. कंत्राटदार जातो, त्याच्याबरोबर जाणकारीही जाते. तलावातला गाळ निदान उन्हाळ्यात डोळ्यांना दिसतो. सॉफ्टवेअरमधला गाळ रांगेत ताटकळणाऱ्या शेतकऱ्यालाच प्रथम जाणवतो.

८/ म्हणून निविदेत बांधणाऱ्याइतकेच राखणाऱ्याचेही नाव, अधिकार आणि दरवर्षीची तरतूद हवी. ती नसेल, तर उद्घाटनाच्या दिवसापासूनच गाळ साचू लागतो.