गंजाबरोबर पुरावाही खरवडला जातो
धागा : जुने व्हाइस कसे वाचावेत आणि त्यांची डागडुजी कुठे थांबवावी

१/ कामाच्या बाकावर बोल्टांनी जखडलेला आणि दोन जबड्यांत लोखंडाचा तुकडा घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, म्हणजेच शेगडा, इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो. तलवारींवर ग्रंथ लिहिले जातात, नाण्यांच्या सूची निघतात. पण ज्याच्या जबड्यात धरून इंजिनांचे आणि बंदुकांचे भाग कानशीने घासले गेले, जुळवले गेले, ते हत्यार बहुधा भंगारात वजनावर जाते.

२/ अलीकडे हौशी संग्राहक असे व्हाइस भंगारातून सोडवू लागले आहेत, आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे. मात्र त्यांच्यापैकी अनेकांचा क्रम चुकतो. व्हाइस घरी आणायचा, ग्राइंडरने किंवा वाळूच्या फवाऱ्याने लख्ख करायचा, चकचकीत रंग द्यायचा आणि मग त्याचे वय शोधायला बसायचे! तोवर वय सांगणारा साक्षीदारच मुका झालेला असतो. आधी वाचन, मग सफाई, हाच क्रम योग्य.

३/ पहिली खूण घडणीची. लोहाराच्या जुन्या व्हाइसला जमिनीपर्यंत पोचणारा एक लांब पाय असतो. घणाचा आघात बाकाने न सोसता जमिनीने सोसावा, हा त्याचा हेतू. त्याचा पुढचा जबडा खालच्या खिळीवर झुलतो, त्यामुळे दोन्ही जबडे एकाच विशिष्ट अंतरावर समांतर येतात. बिडाच्या व्हाइसमध्ये जबडा सरळ रेषेत सरकतो आणि प्रत्येक अंतरावर समांतर राहतो. पण नवा प्रकार आला म्हणून जुना लगेच संपला नाही. पायाचे व्हाइस विसाव्या शतकातही बनत होते. नुसत्या आकारावरून वय ठरवणे म्हणूनच धोक्याचे.

४/ दुसरी खूण अक्षरांची. अमेरिकेत कनेटिकटमधील मेरिडनचे चार्ल्स पार्कर, पेनसिल्वेनियातील ईरीची रीड कंपनी, इंग्लंडमध्ये शेफील्डचा ‘रेकॉर्ड’ हा छाप, अशी नावे अनेकदा ओतकामातच उठावाने आलेली असतात. सोबतचा आकडाही बोलका असतो. रीडच्या ‘१०४’ या क्रमांकातील शेवटचा ४ म्हणजे जबड्याची रुंदी चार इंच.

५/ तिसरी खूण पेटंटच्या तारखेची, आणि सर्वांत जास्त फसगत इथेच होते. व्हाइसवर १८८० च्या दशकातील पेटंटची तारीख दिसली की तो त्याच दशकातला, असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. ती तारीख कल्पनेला मिळालेल्या संरक्षणाची असते, वस्तूच्या जन्माची नव्हे. एकच लाकडी पॅटर्न वर्षानुवर्षे वापरून ओतकाम चालू राहू शकते. त्या तारखेवरून एवढेच निश्चित होते की वस्तू त्याआधीची नाही.

६/ कायद्याचा इतिहास येथे मदतीला येतो. पेटंट घेतलेल्या वस्तूवर तारीख उमटवण्याचे बंधन अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने आले. १९२७ मध्ये तारखेच्या जागी पेटंटचा क्रमांक देण्याची तरतूद झाली. त्यामुळे नुसती तारीख असलेला अमेरिकी व्हाइस साधारणपणे १९२७ पूर्वीच्या घडणीचा असण्याची शक्यता अधिक. ‘साधारणपणे’ हा शब्द मात्र गाळू नये.

७/ सर्वांत मोठा धडा देतो तो विल्टन कंपनीचा व्हाइस. चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेल्या ह्यू व्होगल यांनी १९४१ मध्ये शिकागोत ही कंपनी स्थापली. बंदुकीच्या गोळीसारख्या गोल अंगाचा तिचा व्हाइस आज संग्राहकांच्या विशेष आवडीचा. तो पूर्ण उघडून सरकत्या दांड्याच्या खालच्या बाजूस खाचेजवळ पाहिले, तर ठोकून उमटवलेले बारीक आकडे सापडतात.

८/ समजा तेथे ‘४-५९’ असे आहे. एप्रिल १९५९, असे कोणीही म्हणेल. पण आकड्यांपूर्वी ‘गॅर. एक्स्प.’ ही अक्षरे असतील, तर ती हमी संपण्याची तारीख आहे. हमी पाच वर्षांची. म्हणजे व्हाइस १९५४ च्या सुमारास तयार झालेला. सुरुवातीच्या काही नमुन्यांवर नुसती निर्मितीची तारीखही आढळते. दोन अर्थांमधील पाच वर्षांचे अंतर अवघ्या काही अक्षरांवर उभे आहे. ती अक्षरे इतकी उथळ असतात की ग्राइंडरचा एक फेरा पुरेसा होतो.

९/ ताम्रपटावरील शक वाचताना अभ्यासक अक्षरवळण पाहतात, राजाचे नाव पडताळतात, दानाचा तपशील तपासतात. एकट्या आकड्यावर विसंबत नाहीत. व्हाइसलाही तीच शिस्त लावावी. विल्टन कंपनी पुढे शिकागोजवळच्या शिलर पार्कला गेली, म्हणून ओतकामातील गावाचे नाव आणि ठोकलेली तारीख परस्परांशी जुळतात का, हे पाहता येते.

१०/ आट्यांचीही साक्ष काढावी. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या ब्रिटिश आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये मांडलेल्या अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. छोट्या बोल्टावरील आटे मोजून देशाचा अंदाज बांधता येतो. अर्थात बोल्ट बदललेला असू शकतो, आणि मग तो बदल हीच नोंद ठरते.

११/ मग गंज काढायचाच नाही का? जरूर काढावा. छायाचित्रे आणि मोजमापे झाल्यावर विद्युत-अपघटन हा सौम्य मार्ग आहे : पाण्यात धुण्याचा सोडा, व्हाइस ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला आणि एकदिश प्रवाह. गंज सैल होतो, खालचा धातू शाबूत राहतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून काम मोकळ्या हवेतच करावे. मूळ रंग टिकून असेल तर हा मार्गही टाळावा, कारण रंग सुटून येतो. तेथे तेल, चिंधी आणि सबुरी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

१२/ एक आक्षेप रास्त आहे : व्हाइस हे हत्यार आहे, देवघरातली मूर्ती नव्हे, ते चालले पाहिजे. नक्कीच. झिजलेला नट बदलावा, स्क्रूला ग्रीस द्यावे, जबड्यांच्या पट्ट्या नव्या बसवून जुन्या जपून ठेवाव्यात. हे हत्याराला कामावर परत आणणे आहे. खड्डे पुटीने बुजवून, कडा घासून, कधी नव्हताच असा रंग चढवणे हे मात्र नव्या वस्तूचे सोंग आहे. वास्तुजतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेली मर्यादा येथेही लागू व्हावी : जिथे अंदाज सुरू होतो, तिथे पुनर्रचना थांबते.

१३/ कारण त्या खुणा कारखानदाराबरोबर कामगाराच्याही असतात. एका बाजूने अधिक झिजलेला जबडा, करवतीचे चुकलेले घाव, कोणीतरी पंचने ठोकलेली दोन आद्याक्षरे, तडा गेल्यावर पितळेने जोडलेला सांधा. कारखान्यांचे हिशेब मालकांनी लिहिले, अहवाल अधिकाऱ्यांनी लिहिले. कानस चालवणाऱ्या बहुसंख्य हातांनी कागदावर काहीच सोडले नाही. त्यांनी जे सोडले ते लोखंडावर आहे.

१४/ म्हणून असा व्हाइस शेफील्डच्या अडगळीत सापडो की मुंबईच्या चोर बाजारात, पहिले हत्यार ग्राइंडर नसावे. मऊ ब्रश, तिरका प्रकाश, कॅमेरा आणि वही एवढ्यावर सुरुवात करावी. गंज आणखी एक दिवस थांबू शकतो. घासून गेलेले अक्षर परत येत नाही.