गोळीला उन्हाळ्याची सुट्टी नसते

‘टॅमॉक्सिफेन उष्ण पडते, उन्हाळाभर बंद ठेवा’ हे गेल्या रविवारचे पत्र वाचून राहवले नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर चार वर्षे मी रोज २० मिलिग्रॅमची ही गोळी घेते. अंगातून वाफा निघतात, खरे. नागपूरच्या मे महिन्यात त्या गोळीच्या की उन्हाच्या, कोण सांगणार! पण हा कोर्स पाच, कधी दहा वर्षांचा. मनाने थांबवायचा नाही. सांगायचे ते राहिलेच: पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठा. नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनने हिचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनाही पाकीट दाखवा. माझे देवघराशेजारच्या कोनाड्यात असते, मागे बॉलपेनने वार लिहिलेले.
— एक वाचिका, महाल, नागपूर